सात नंबरचा ग्राफ

मसुद्याला दोन वर्षं लागली आणि त्यातले सहा महिने चहाची वाट बघण्यात गेले, असं मोजणीताई घरी सांगायच्या. त्यात फार अतिशयोक्ती नव्हती. देशभरातल्या वर्तन विश्लेषकांसाठी एकच मानकं ठरवायची होती. हे काम कुणी करावं, काय शिकलेलं असावं, मुलाला हात लावण्याआधी काय तपासावं, नोंद कशी ठेवावी, चुकलं तर कुणाला धरावं, असं सगळं. आजवर वाटेल तो पाटी लावून बसत होता. दोन दिवसांचं शिबिर केलेला माणूस दारावर 'तज्ज्ञ' असं रंगवून घ्यायचा, आणि न बोलणारी, भिंतीवर डोकं आपटणारी, स्वतःला मारून घेणारी मुलं थकलेले आईबाप त्याच्या हवाली करायचे. हे थांबलं पाहिजे, यावर समितीतल्या अकराही जणांचं एकमत होतं. बाकी कशावरच नव्हतं.

मोजणीताई हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. बावीस वर्षं, समितीच्या अध्यक्ष असलेल्या मॅडमच्या वर्तनोपचार केंद्रात त्यांनी मोजण्याचंच काम केलं, म्हणून ते चिकटलं. अंधाऱ्या लहानशा खोलीत, एका बाजूनेच दिसणाऱ्या काचेमागे बसायचं, हातात आकडे मोजायची टिकटिकी धरायची, आणि काचेपलीकडच्या मुलाने ठरलेली गोष्ट केली की अंगठा दाबायचा. 'फार त्रास देतो' असं बोललेलं मॅडमना चालायचं नाही. किती वेळा, किती वेळ, कशाच्या आधी, कशाच्या नंतर, ते सांगा. ही सवय मोजणीताईंच्या इतकी अंगात मुरली की नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचा, "आमच्या हिला घोरण्याचा राग नाही. फक्त आकडा सांगते सकाळी."

समितीत त्या कामाच्या अनुभवावर आल्या होत्या, पदवीवर नाही, आणि तिथे त्यांनी एक कलम अगदी हट्टाने घालून घेतलं होतं. कुठलीही नोंद दोन निरीक्षकांनी वेगवेगळी केलेली असली पाहिजे, आणि दोघांचं जुळलं पाहिजे. एकट्याने पाहिलेलं पुरावा म्हणून धरू नये. एकट्या माणसाला हवं ते दिसतं, हे त्यांनी बावीस वर्षं पाहिलं होतं. कलम मंजूर झालं त्या दिवशी त्यांना इतका आनंद झाला की घरी येऊन त्यांनी ते नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं.

घोडं अडलं होतं ते नवव्या कलमापाशी. मूल स्वतःला मारून घेत असेल तर काम सुरू करण्याआधी त्याला काही दुखतखुपत नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावं, असं ते कलम. मोजणीताईंना तिथे 'अनिवार्य' हा शब्द हवा होता. बाकीच्यांना 'शक्य असल्यास' बरं वाटत होतं. लहान गावात डॉक्टर कुठून आणायचे, पालक एवढे थांबतील का, असे प्रश्न निघाले. सरकारी खात्याचे सचिव सरळ माणूस होते, या धंद्यातले नव्हते. त्यांनी एकदा स्पष्टच सांगितलं, "ताई, एक तरी साक्षांकित प्रकरण द्या, जिथे न तपासल्यामुळे नुकसान झालं. मी उद्या अनिवार्य करतो. उदाहरण नसेल तर लोक कोर्टात जाऊन पहिलं हेच कलम उडवतील."

उदाहरण मोजणीताईंकडे होतं. ते तेरा वर्षं त्यांच्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत होतं, आणि तेच उदाहरण मसुद्याच्या परिशिष्ट चारमध्ये छापायला निघालं होतं. फक्त तिथे ते आदर्श म्हणून छापणार होते.

त्याचं नाव सात नंबरचा ग्राफ. या कामात आलेल्या प्रत्येकाने तो पाहिलेला आहे. अठरा वर्षांपूर्वी सहा वर्षांची एक मुलगी केंद्रात आली. घरचे तिला बबडी म्हणत, केंद्राच्या वहीत ती सात नंबरची विद्यार्थिनी. बोलायची नाही. महिन्याभरापासून डाव्या हाताने डाव्या कानावर थपडा मारायला लागली होती. पहिले चार दिवस नुसतं मोजलं. तासाला एकेचाळीस, त्रेचाळीस, चाळीस, चव्वेचाळीस. मॅडमनी निदान केलं की मुलीने थप्पड मारली की आई धावत येते, हात धरते, जवळ घेते. मुलीला हेच हवं आहे. तेव्हा यापुढे थप्पड मारली तर कुणी बघायचं नाही, बोलायचं नाही, चेहरा कोरा ठेवायचा. हात खाली असले की कौतुक करायचं. केंद्रातही हेच आणि घरीही हेच.

लक्ष देणं थांबवलं की सवय मरण्याआधी एकदा उसळते, हे या विद्येतलं पहिलं पाठांतर. मूल जास्त जोर करतं, आणि आईबाप घाबरून तिथेच कच खातात. म्हणून उसळी आली की समजायचं, आपलं बरोबर चाललंय. बबडीचे आकडे चढले. अठ्ठावन्न, बहात्तर, नव्वद, एकशे अकरा, एकशे चौदा. दहाव्या दिवशी एकशे अठरा. मॅडम काचेमागे येऊन पाहून जायच्या आणि म्हणायच्या, "बघ, पुस्तकात दाखवावी तशी उसळी आहे." अकराव्या दिवशी आकडा सहावर आला. बाराव्या दिवशी दोन. त्यानंतर शून्य, आणि शून्य कायमचं राहिलं. असा सरळ कड्यावरून उतरल्यासारखा ग्राफ कुणी पाहिला नव्हता. मॅडमचं नाव झालं, केंद्राचं नाव झालं.

दुसरा निरीक्षक म्हणून काचेमागे बसली होती ती बबडीची आईच. केंद्रात तेव्हा माणसं कमी होती. शिवाय आईच्या हातात टिकटिकी दिली की तिचं लक्ष मुलीवरून उठून आकड्यावर जातं, असं मॅडमचं म्हणणं होतं. ते अगदी बरोबर निघालं. दोन खुर्च्या, मधे पुठ्ठा उभा केलेला, एकीचा कागद दुसरीला दिसू नये म्हणून. एकीकडे मोजणीताई, दुसरीकडे आई. दोघींचे आकडे शंभरात सत्त्याण्णव जुळले.

मोजणीताईंच्या कागदावर शेवटी एक अरुंद रकाना होता, शेरा लिहायचा. अकराव्या दिवशी त्यात त्यांनी लिहिलं होतं, 'फ्रॉक डाव्या खांद्यावर ओला, पिवळट. वास येतो.' जे मोजायचं ठरलं नव्हतं ते ग्राफवर चढत नाही, त्यामुळे हेही चढलं नाही. आणि मोजणीताईंनाही तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. मूल आहे, सांडलं असेल काही.

पाच वर्षांनी त्यांची स्वतःची तीन वर्षांची लेक दोन दिवस कान धरून रडली. तिसऱ्या दिवशी सकाळी एकदम शांत, ठोकळे मांडून खेळायला बसली. उशीवर पिवळा डाग होता. कानाचे डॉक्टर म्हणाले, "पडदा फुटला. आत साचलेलं बाहेर आलं की दुखणं एकदम थांबतं. आयांना वाटतं, बरी झाली." औषधाने लेकीचा कान भरून आला. मोजणीताई दवाखान्याच्या बाकावर लेकीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर एकशे अठरा आणि त्याखाली सहा, असे दोन आकडे उभे राहिले. त्या दिवशी घरी न जाता त्या केंद्रात गेल्या, जुन्या गठ्ठ्यातून आपला मूळ कागद काढला आणि पर्समध्ये घातला. कुणाला बोलल्या नाहीत. तेरा वर्षं बोलल्या नाहीत. याला कारणं पुष्कळ देता येतील, आणि मोजणीताईंनी ती स्वतःला दिलीही होती. पण खरं कारण एवढंच की त्यांना भीती वाटत होती.

शेवटच्या बैठकीला पालक प्रतिनिधी म्हणून बबडीच्या आईला बोलावलं होतं. चौथ्या मजल्यावरची लांबट खोली, मधे एवढं मोठं टेबल की त्याला वळसा घालताना खुर्च्या भिंतीला घासाव्यात. बबडीची आई इस्त्रीची साडी नेसून, केस घट्ट बांधून आली होती. आता चोवीस वर्षांची झालेली बबडी बाहेर जिन्याजवळच्या बाकावर बसली होती. आई अठरा वर्षं पालकांच्या शिबिरांतून हेच भाषण करत होती, त्यामुळे ते तिच्या तोंडात बसलं होतं. पोटची पोर स्वतःला मारून घेते आहे आणि आपण पाठ करून भाजी चिरायची, हे कसं केलं, काळजाचा दगड कसा केला. "मी एकदासुद्धा वळून बघितलं नाही," ती म्हणाली. "मॅडम म्हणाल्या होत्या, एकदा बघितलंत तर सगळं पाण्यात. मी नाही बघितलं. आणि आज बघा माझी बबडी. हट्ट नाही, रडणं नाही. गेल्या वर्षी दारात बोट चिरडलं तिचं, नख निघून आलं. पण हूं नाही की चूं नाही. जेवायला बसल्यावर ताटात रक्त दिसलं तेव्हा आम्हाला कळलं."

समितीने टाळ्या वाजवल्या. त्यांतल्या दोघींनी डोळे टिपले. टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांनी मुलांच्या मनाचा अभ्यास केला होता, आणि दुखलं की ओरडायचं नसतं असं आपण एका मुलीला शिकवलं, हे त्यांतल्या एकालाही ऐकू आलं नव्हतं.

"आता परिशिष्ट चार," मॅडम म्हणाल्या. मॅडम बहात्तर वर्षांच्या होत्या, समितीच्या अध्यक्ष होत्या, आणि पांढऱ्या केसांखालचा त्यांचा चेहरा इतका प्रेमळ होता की त्यांच्यावर रागावताना माणसाला आपलंच काही चुकतंय असं वाटावं. "दोन्ही निरीक्षक आज हजर आहेत, योग चांगला आहे. नोंद संपूर्ण आणि खरी आहे, एवढ्यावर सह्या करा."

बबडीच्या आईने सही केली, शाळेतल्यासारखी, अक्षर न् अक्षर वेगळं. कागद मोजणीताईंच्या पुढे सरकला.

"नोंद संपूर्ण नाहीये," मोजणीताई म्हणाल्या. "मला बोलायचंय."

त्यांनी पिशवीतून जुना कागद काढला. दहावा दिवस, अकरावा दिवस, शेऱ्याचा रकाना वाचून दाखवला. लेकीचा कान सांगितला, डॉक्टरांचं वाक्य सांगितलं. ती उसळी नव्हती, दुखणं वाढत होतं, म्हणाल्या. उतार आपल्यामुळे आला नाही, पडदा फुटला म्हणून आला. आपण एका आजारी मुलीकडे ठरवून पाठ फिरवली आणि त्याचा ग्राफ काढला. हा आदर्श म्हणून छापू नका. नवव्या कलमाखाली छापा, काय करू नये म्हणून.

बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की कुणी त्यांच्याकडे बघत नाही. कुणी पान उलटत होतं, कुणी चष्मा पुसत होतं. मॅडम पेन्सिल कागदाच्या कडेला समांतर ठेवत होत्या. राग नाही, नवल नाही, विरोधसुद्धा नाही. सगळे चेहरे कोरे. मोजणीताईंना हा चेहरा चांगला ओळखीचा होता. टेबलाभोवतीच्या चौघांना तर तो त्यांनीच आरशासमोर उभं करून शिकवला होता. त्यांचा आवाज चढला. तो चढल्यावर समोरच्या प्रत्येकाच्या मनात 'उसळी' हाच शब्द आला असेल, हेही त्यांना कळलं, आणि त्या मधेच गप्प झाल्या.

बघत होते ते एकटे सचिव. त्यांना ही विद्या येत नव्हती. "म्हणजे नऊ नंबरला जे उदाहरण पाहिजे होतं ते हे," ते म्हणाले. "बाई, तुम्ही दुसऱ्या निरीक्षक. तुम्हाला हे दिसलं होतं का, कानाचं?"

बबडीच्या आईने पदर सारखा केला. "नाही. मला तसं काही दिसलं नव्हतं."

"तुमचा कागद आहे ना फाइलीत," मॅडम शांतपणे म्हणाल्या. त्यांनी पान काढून सचिवांपुढे धरलं. शेऱ्याचा रकाना कोरा होता. मग त्या मोजणीताईंकडे वळल्या, पहिल्यांदाच. "एकट्याने पाहिलेलं पुरावा धरू नये. कलम तुझंच आहे गं. चहा घेऊया का सगळे?"

खोली चहाला उठली. मोजणीताई जिन्याजवळ आल्या तेव्हा बबडी कागदी पेल्यांची उतरंड रचत होती. कपाळ मोठं, वेणी आईने घातलेली, उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख वाकडंतिकडं उगवलेलं. आई तिच्या उजव्या बाजूला उभी होती.

"इकडून बोला," आई म्हणाली. "त्या बाजूने तिला ऐकू येत नाही."

मोजणीताई तिच्याकडे वळल्या. "तुम्हाला माहीत आहे."

"सोळा वर्षं माहीत आहे. शाळेच्या तपासणीत निघालं. पडदा जुना फुटलेला आहे म्हणाले."

"मग आत का नाही म्हणालात?"

बबडीचा एक पेला पडला, तो आईने उचलून तिच्या हातात दिला. "ताई, तुम्हाला अकराव्या दिवशी दिसलं ना? मला आठव्या दिवशी दिसलं. कान लाल झाला होता, उशी घामाने भिजली होती, अंग तापलं होतं. मी सकाळी मॅडमना विचारलं, कान दाखवून आणू का. त्या म्हणाल्या, आज तुम्ही कान धरून बसलात तर आठ दिवस पाण्यात गेले आणि तिला कळेल की आजारपणाने आई मिळते. मग मी अभ्रा धुतला आणि तुमच्या शेजारी येऊन बसले. माझ्या हातात तुम्ही ती टिकटिकी दिलीत. ती मारायची आणि मी दाबायचे. ती मारायची आणि मी दाबायचे. तुमच्यापेक्षा एक जरी आकडा कमी आला तर तुम्ही म्हणायचात, लक्ष कुठंय तुमचं."

मोजणीताईंना हे आठवत नव्हतं, पण आपण असं म्हणालो असणार यात त्यांना शंका वाटली नाही.

"चूक आपल्या सगळ्यांचीच होती," त्या म्हणाल्या. "पण हे आत्ता सांगितलं नाही तर तो ग्राफ देशभर जाईल. परीक्षेला येईल. दुसरी कुणी आई अशीच बसेल काचेमागे. तुम्ही फक्त हो म्हणा. आपल्या दोघींचं जुळलं की झालं."

"तुमचं काय जातंय हो म्हणायला?" आईचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "तुम्ही मोजणाऱ्या होतात. तुमचं चुकलं तर मोजण्यात चुकलं. सांगाल, मोकळ्या व्हाल, लोक म्हणतील बाई प्रामाणिक आहे. मी तिची आई होते. मला दिसत होतं. अठरा वर्षं मी गावोगावी सांगत फिरले की मी वळून बघितलं नाही, आणि लोकांनी माझ्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. तिचे बाबा जाताना म्हणाले, तू होतीस म्हणून पोर सुधारली. आता मी काय सांगू? तिचा कान फुटत होता आणि मी टिकटिक करत होते, असं सांगू? ते सांगून मी घरी कशी जाऊ, ताई? तिच्यासमोर ताट कसं वाढू?"

बबडी मान वाकडी करून उजवा कान दोघींकडे आणत होती. काही ऐकू आलं असेल नसेल. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "काही नाही गं," तिला म्हणाली. "तुझंच कौतुक चाललंय."

मोजणीताईंनी त्या बाईकडे पाहिलं आणि त्यांना तिचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि दोन्ही राग एकमेकांत इतके मिसळले की कुठला कुणावरचा ते कळेना. हात धरून तिला समजवावं असं वाटलं. पण कुठल्या तोंडाने? अठरा वर्षांपूर्वी मधल्या पुठ्ठ्यापलीकडे एक आई बसून आपल्या लेकीच्या थपडा मोजत होती आणि त्यांनी पुठ्ठ्यावरून एकदाही तिच्याकडे वाकून पाहिलं नव्हतं. वाकून पाहिलं तर नोंद बिघडते.

चहा झाल्यावर सगळे परत बसले. सचिवांनी चष्मा लावला. ते खरोखर बरे गृहस्थ होते, आणि त्यांनीच ती वाट काढली, जी निघाली नसती तर मोजणीताईंना पुढे स्वतःला काहीतरी निमित्त सांगता आलं असतं. "नियमाप्रमाणे एकट्या निरीक्षकाचं धरता येत नाही," ते म्हणाले. "पण ताईंनी तक्रार कायम ठेवली तर मी परिशिष्ट थांबवू शकतो. चौकशी लावू. मुलगी हयात आहे, कानाची तपासणी होईल, जुनी कागदपत्रं निघतील, आईंचा जबाब पुन्हा घेऊ. खरं असेल तर वर येईल. दोन-तीन महिने जातील. गेले तर जाऊ देत. ताई, तुम्ही सांगा. कायम ठेवायची की मागे घ्यायची?"

म्हणजे नुसतं 'कायम' म्हणायचं होतं. एक शब्द. आकडे, जुळणी, कलम, कशाचीच गरज नव्हती. टेबलापलीकडे बबडीची आई मांडीवर हात ठेवून ताठ बसली होती आणि ती मोजणीताईंकडे बघत नव्हती. बघितलं असतं, डोळ्यांनी काही मागितलं असतं, तर कदाचित मोजणीताईंना तिला नाही म्हणणं सोपं गेलं असतं. पण तिला मागायची सवयच राहिली नव्हती.

बाहेर केवढी मुलं होती. काही तर या घडीलासुद्धा कुठल्यातरी काचेपलीकडे बसून कान, डोकं, जबडा बडवत असतील. मोजणीताईंना ती दिसत नव्हती. दिसत होती ती ही एकच बाई. आणि मॅडमचा तो कोरा चेहरा दिसत होता, जो चहानंतर पुन्हा त्यांच्याकडे बघत नव्हता. बावीस वर्षं त्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी आपलं काम बरोबर झालं की चूक ते ठरवलं होतं. याला दया म्हणा नाहीतर भित्रेपणा म्हणा. त्या क्षणी मोजणीताईंना दोन्हींतला फरक सांगता आला नसता, आणि सांगायची त्यांना घाईही नव्हती.

"मागे घेते," त्या म्हणाल्या. "एवढी जुनी गोष्ट. माझ्या बघण्यात काही चूक झाली असेल."

सचिवांनी मान खाली घालून लिहून घेतलं. नवव्या कलमात 'शक्य असल्यास' कायम झालं. कुणी हरकत घेतली नाही. परिशिष्ट चारचा कागद फिरत फिरत परत मोजणीताईंपुढे आला. नोंद संपूर्ण आणि खरी आहे, असं त्यावर छापलेलं होतं, आणि खाली बबडीच्या आईची सुट्या अक्षरांची सही. तिच्या शेजारची जागा मोकळी होती. मोजणीताईंनी तिथे सही केली.

पेन उचलतात न उचलतात तोच मॅडमचा हात त्यांच्या खांद्यावर आला. "शाबास," मॅडम म्हणाल्या, "मला खात्री होती तुझी." कौतुक करायचं ते लगेच करायचं, तीन सेकंदांच्या आत, नाहीतर ते कशाबद्दल मिळालं हे कळत नाही. टेबलाभोवतीचे चेहरे एकेक करून वर झाले. सगळे त्यांच्याकडे बघत होते, हसत होते. ज्या चौघांना त्यांनी शिकवलं होतं त्यांतल्या एकीने बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली. हे काय चाललं आहे ते मोजणीताईंना कळत नव्हतं असं नाही. कुठलं हसू मसुद्याच्या कुठल्या पानावर आहे, हेसुद्धा त्यांना सांगता आलं असतं. तरीही सकाळपासून छातीवर बसलेलं ओझं उतरलं, हातापायांत ऊब आली, आणि त्यांना बरं वाटलं. त्यांनी एक बिस्किट घेतलं.